लॅपटॉपचे झाकण उघडले, म्हणून वॉरंटी जाते का?

(खास प्रतिनिधी)

बारामती : अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश पक्का झाला, की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांच्या दारात दुसरा मोठा खर्च येऊन उभा राहतो, तो लॅपटॉपचा. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलाच्या हप्त्यातून फी, वसतिगृह आणि पुस्तके यांचा हिशेब झाल्यावर जे उरते, त्यातून हा लॅपटॉप घ्यावयाचा असतो. साहजिकच निवड होते ती खिशाला परवडणाऱ्या, म्हणजे बहुधा आठ जीबी रॅम असलेल्या मॉडेलची. "पुढे लागेल तशी रॅम वाढवून घेऊ," असा दिलासा घरचे एकमेकांना देतात आणि विक्रेताही त्याला मान डोलावतो.

हे 'पुढे' वर्षभरातच येते. मोबाइलसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याची साधने, आराखडे काढण्याचे कार्यक्रम आणि ब्राउझरच्या दहा खिडक्या एकाच वेळी उघडल्या, की यंत्र अडखळू लागते. रॅम वाढवण्याची वेळ येते आणि तेव्हाच दुकानात ते ठरलेले वाक्य ऐकू येते : "मागचे झाकण उघडले, स्टिकर फाटला, तर वॉरंटी गेली म्हणून समजा." दोन किंवा तीन वर्षांच्या वॉरंटीतले अजून अर्धेही दिवस सरलेले नसतात. मग विद्यार्थ्यापुढे दोनच वाटा उरल्यासारख्या वाटतात. मंद यंत्रावर काम रेटत राहायचे, किंवा वॉरंटीवर पाणी सोडून रॅम बसवून घ्यायची.

ही निवड खरोखर इतकी अटळ आहे काय? करारातील शब्द, देशातील कायदा आणि स्पर्धा आयोगाने एका मोठ्या प्रकरणात घालून दिलेला दंडक एकत्र वाचले, तर उत्तर नकारार्थी येते. मात्र कायद्याने वॉरंटी शाबूत असणे वेगळे आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ती शाबूत राहणे वेगळे. या दोहोंमधील अंतर भरून काढणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे कागद.

बदलता येते काय आणि काय नाही

प्रथम यंत्राकडे पाहू. लॅपटॉपमध्ये ग्राहकाला साधारणपणे वाढवता येण्याजोगे भाग दोन : रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरली जाणारी स्मृती, आणि एसएसडी, म्हणजे कायमची साठवण. बॅटरी किंवा वायफायचे कार्डही बदलता येते. परंतु त्याची गरज तुलनेने क्वचित पडते. प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप मात्र बहुतेक सर्व आधुनिक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. ती बदलण्याचा विचारच करू नये.

गेल्या काही वर्षांत पातळ आणि हलक्या लॅपटॉपची चलती झाल्यापासून रॅमही मदरबोर्डवरच डकवून टाकण्याची पद्धत वाढली आहे. माहितीपत्रकात 'एलपीडीडीआर५' किंवा 'एलपीडीडीआर५एक्स' अशी अक्षरे दिसली, तर ती रॅम बहुधा जागेवरच जोडलेली आहे, असे समजावे. काढता-घालता येणारी रॅम 'एसओडीआयएमएम' नावाने ओळखली जाते आणि तिच्यासाठी स्लॉट असतो. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम डकवलेली आणि एक स्लॉट मोकळा, असा मधला मार्गही आढळतो. याचा अर्थ असा, की 'पुढे वाढवून घेऊ' हे आश्वासन काही लॅपटॉपच्या बाबतीत पहिल्या दिवसापासूनच पोकळ असते. तेथे वॉरंटीचा प्रश्नच उद्भवत नाही. कारण वाढवण्यासारखे काही नसतेच.

एसएसडीच्या बाबतीत परिस्थिती अधिक सोयीची आहे. 'एम.२' प्रकारच्या पट्ट्या अनेक लॅपटॉपमध्ये बदलता येतात. मात्र त्यांची लांबी (२२८० की २२४२) आणि जोडणीचा प्रकार (एनव्हीएमई की साटा) जुळला पाहिजे. लांबीच्या आकड्यातील पहिले दोन अंक रुंदीचे आणि पुढचे दोन लांबीचे, तेही मिलिमीटरमध्ये. एवढी साधी गोष्ट न पाहता ऑनलाइन मागवलेली पट्टी आत बसत नाही आणि ती जबरदस्तीने बसवण्याच्या खटपटीत खरे नुकसान होते.

या प्रश्नाला आज अधिक धार आली आहे, ती बाजारामुळे. 'कोपायलट प्लस' या नावाने विकल्या जाणाऱ्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्येच किमान १६ जीबी रॅमची अट घातली. कालपर्यंत पुरेशी वाटणारी आठ जीबी आता तळाची पायरी ठरते आहे. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन या बड्या कंपनीने 'क्रुशल' या नावाने थेट ग्राहकांना रॅम व एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. आधी विकलेल्या मालाची वॉरंटी सेवा सुरू राहील, असेही कंपनीने सांगितले. अशा बाजारात रॅम ही किरकोळ खरेदी उरत नाही. ती बसवताना लॅपटॉपची वॉरंटी गेली, तर सामान्य कुटुंबाला दुहेरी फटका बसतो.

वॉरंटी म्हणजे नेमके कशाचे वचन?

वॉरंटी हा कंपनीने ग्राहकावर केलेला उपकार नव्हे. वस्तूच्या किमतीतच तिचे मोल घेतलेले असते. ठरावीक मुदतीत उत्पादनातील दोषामुळे वस्तू बिघडली, तर ती विनामूल्य दुरुस्त करून देऊ, असे ते वचन असते. त्या वचनाला अपवाद असतात आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले असतात : पडझड, पाणी सांडणे, विजेचा दाब, आणि 'कंपनीने मान्यता न दिलेल्या बदलांमुळे किंवा इतरांच्या सुट्या भागांमुळे झालेले नुकसान'.

यातील शेवटच्या अपवादाकडे नीट पाहावे. त्यात 'मुळे झालेले नुकसान' हे शब्द आहेत. दुसऱ्या कंपनीची रॅम सदोष निघाली आणि तिच्यामुळे मदरबोर्ड जळाला, तर तो खर्च लॅपटॉपच्या कंपनीने का सोसावा, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु रॅम बदलल्यानंतर सहा महिन्यांनी स्क्रीनवर रेघा उमटल्या किंवा बिजागरी सैल झाली, तर त्या दोषाचा रॅमशी संबंध काय? अपवादाची भाषा कारणावर बेतलेली असताना काउंटरवर तिचा अर्थ 'बदल केला म्हणजे सारेच संपले' असा लावला जातो. गैरसमजाचे मूळ येथे आहे.

बड्या संगणक कंपन्यांची याबाबतची स्वतःची वागणूकही बोलकी आहे. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या आपल्या अनेक मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअल संकेतस्थळावर खुल्या ठेवतात. झाकण कोणत्या क्रमाने उघडावे, कोणता स्क्रू कोठे आहे, रॅम कशी काढावी, हे त्यांत चित्रांसह दिलेले असते. ग्राहकाने स्वतः बदलावयाच्या भागांची वेगळी यादीही एचपी आणि लेनोव्हो देतात. वॉरंटीच्या काळात असा भाग घरी पाठवून तो ग्राहकालाच बसवायला सांगितले जाते. जी कंपनी स्वतः झाकण उघडण्याची रीत शिकवते, तिच्याच नावाने 'झाकण उघडले म्हणून वॉरंटी रद्द' असे सांगितले जात असेल, तर ग्राहकाने लेखी खुलासा मागितलाच पाहिजे. अर्थात सर्व कंपन्यांचे व सर्व मॉडेलचे नियम सारखे नाहीत. काही ठिकाणी 'केवळ अधिकृत तंत्रज्ञाकडूनच' अशी अट असते. म्हणूनच दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा आपल्या मॉडेलचे वॉरंटीपत्र प्रमाण मानावे.

राहता राहिला तो स्टिकर. कधी तो कंपनीचा असतो, तर कधी विक्रेत्याने किंवा आधीच्या तंत्रज्ञाने आपल्या सोयीसाठी चिकटवलेला असतो. झाकण उघडले गेले, याची ती खूण आहे. बिघाड कशामुळे झाला, याचा तो पुरावा नव्हे.

कायदा काय म्हणतो?

'सुटा भाग बदलल्यास वॉरंटी अबाधित राहील' असे एका वाक्यात सांगणारे कलम भारतीय कायद्यात नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. परंतु त्यामुळे ग्राहक निराधार ठरत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये या प्रश्नाला लागू पडणाऱ्या निदान चार तरतुदी आहेत.

पहिली 'अनुचित करारा'ची. ग्राहकावर गैरवाजवी अट लादून त्याला तोट्यात ढकलणारा किंवा वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारा करार अनुचित ठरू शकतो. एका पट्टीच्या बदलासाठी संपूर्ण यंत्राची वॉरंटी रद्द करणारी सरसकट अट या कसोटीवर टिकेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. तिच्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. सामान्य ग्राहकाने म्हणून 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' या दोन आधारांवर जिल्हा आयोगाकडे दाद मागणे अधिक व्यवहार्य आहे.

दुसरी तरतूद बिलाची. विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. रॅम बसवून देणाऱ्या छोट्या दुकानालाही हे लागू आहे. तिसरी तरतूद तपासणीची. वस्तूतील दोष योग्य तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवू शकतो. म्हणजे 'तुमच्या रॅममुळेच बोर्ड गेला' हे वाक्य अंतिम शब्द नाही. ते पडताळून पाहण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे.

चौथी तरतूद आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांसाठी सर्वांत मोलाची आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात विरुद्ध पक्षाचे ठिकाण किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले ते ठिकाण पाहावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. लॅपटॉप ऑनलाइन घेतला आणि कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले, तरी इंदापूरच्या ग्राहकाला पुणे जिल्ह्यातच दाद मागता येते.

एक सावधगिरी येथे नोंदवली पाहिजे. 'व्यापारी हेतू'ने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरला जाणारा लॅपटॉप याला अपवाद आहे. म्हणून घरच्या मुलासाठी घेतलेल्या यंत्राचे बिल जीएसटीच्या सोयीखातर दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाने करण्याची सवय पुढे अंगाशी येऊ शकते.

मोटारींच्या प्रकरणाचा धडा

सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीबाबत देशातील सर्वांत ठळक निर्णय संगणकांच्या नव्हे, तर मोटारींच्या प्रकरणात झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देता ग्राहकांना अधिकृत केंद्रांतच अडकवून ठेवल्याचा ठपका कंपन्यांवर होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त केल्यास वॉरंटी रद्द होईल, ही अटही त्यात तपासली गेली.

आयोगाचा निष्कर्ष आजच्या प्रश्नाला नेमका लागू पडणारा आहे. स्वतंत्र कारागिराकडे गेल्याबद्दल वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे आयोगाने बजावले. पुढे कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद लांबला. शिवाय हा आदेश स्पर्धा कायद्याखालील होता आणि त्यातील कंपन्या मोटारींच्या होत्या. तो लॅपटॉपला आपोआप लागू होत नाही. तरीही 'जेवढे नुकसान, तेवढाच नकार' हे तत्त्व कंपनीला पाठवावयाच्या पत्रात आणि आयोगापुढील तक्रारीत आधार म्हणून मांडता येते.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने तयार होतात आणि आसपासच्या गावांत ट्रॅक्टर दारोदार आहेत. येथील माणसाला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागू नये. ट्रॅक्टरचे टायर बाहेरून बदलले म्हणून इंजिनाची वॉरंटी गेली, असे कोणी म्हटले, तर शेतकरी ते ऐकून घेणार नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी ते निमूटपणे ऐकून घेतो. कारण झाकणाखाली काय आहे, हे त्याने पाहिलेले नसते.

अमेरिकेत हा प्रश्न १९७५ मध्येच कायद्याने सोडवला गेला. तेथील मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार ठरावीक कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरण्याच्या अटीला वॉरंटी बांधता येत नाही. कंपनी ते विनामूल्य देत असेल किंवा तिने खास परवानगी घेतली असेल, तरच अपवाद. तेथील व्यापार आयोगाने २०१८ मध्ये असुस, एचटीसी, ह्युंदाई, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो आणि सोनी या सहा कंपन्यांना याबाबत ताकीद दिली. जुलै २०२४ मध्ये पुन्हा आठ कंपन्यांना पत्रे गेली. त्यांत संगणकांचे भाग बनवणाऱ्या गिगाबाइट, एएसरॉक आणि झोटॅक यांना 'स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द' या मजकुराबद्दलच हटकण्यात आले. कायदा होऊन पन्नास वर्षे होत आली, तरी स्टिकर निघालेले नव्हते, हेही यावरून दिसते. कायदा असणे पुरेसे नसते, तो विचारणारा ग्राहकही लागतो.

शंभर किलोमीटरचे अंतर

पुण्यातील ग्राहकाला काउंटरवर नकार मिळाला, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन वाद घालू शकतो. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूरहून सोलापूर महामार्गाने सुमारे १४०. ज्या कंपनीचे अधिकृत केंद्र पुण्यातच आहे, तिच्या येथील ग्राहकाला प्रत्येक खेपेसाठी एक दिवस आणि एसटीचे भाडे मोजावे लागते. दोन खेपांनंतर वाद घालण्यापेक्षा स्थानिक तंत्रज्ञाला पैसे देऊन यंत्र चालू करून घेणे त्याला स्वस्त वाटू लागते. हक्क बुडतो तो येथे, आणि त्याची नोंदही कोठे होत नाही.

याला स्थानिक व्यवहाराची दुसरी बाजू आहे. भिगवण रस्त्यावर काय किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत काय, छोट्या दुकानांतील तंत्रज्ञ बहुधा हाताचे कुशल असतात. पण काम रोखीने होते, बिल क्वचितच मागितले जाते, बसवलेल्या भागाचा क्रमांक कोणी लिहून ठेवत नाही आणि काढलेली जुनी रॅम 'बदल्यात' दुकानातच राहते. उद्या कंपनीने 'बाहेरच्या कामामुळे बिघाड झाला' असा आक्षेप घेतला, तर तो खोडून काढण्यासाठी ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. कंपनीची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. झाकणाचे खटके तुटलेले, स्क्रू हरवलेले, बॅटरीची तार न काढता काम केल्याने बोर्डाला इजा झालेली अशी यंत्रे सर्व्हिस सेंटरकडे आली, तर त्यांचा खर्च कंपनीने उचलावा, असे कोणी म्हणणार नाही. नीट केलेले काम आणि बिघडवलेले काम यांतील फरक दाखवणारा कागद नसेल, तर दोन्हींचे नशीब एकच होते.

कागद आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर

यातून मार्ग निघतो तो साध्या क्रमाने. लॅपटॉप घेण्यापूर्वीच मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीत चार गोष्टी पाहाव्यात : रॅम डकवलेली आहे की स्लॉटमध्ये, मोकळे स्लॉट किती, कमाल किती जीबी चालते आणि एसएसडीसाठी दुसरी जागा आहे का. सध्याच्या चढ्या बाजारात १६ जीबीचे मॉडेल आणि आठ जीबीचे मॉडेल यांच्या किमतीतील फरक सुट्या रॅमच्या किमतीशी ताडून पाहावा. फरक थोडा असेल, तर आधीच मोठे मॉडेल घेणे शहाणपणाचे. विक्रेत्याकडूनच रॅम वाढवून घेतली आणि ती बिलावर लिहून घेतली, तरी पुढचे बरेच वाद टळतात.

लॅपटॉप आधीच घेतलेला असेल, तर काम करण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल पाठवावा. यंत्राचा अनुक्रमांक देऊन 'या मॉडेलमध्ये मी अमुक प्रकारची रॅम बसवल्यास उर्वरित भागांची वॉरंटी कायम राहील काय,' एवढाच प्रश्न विचारावा आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. फोनवर मिळालेला होकार पुराव्याच्या कामाचा नसतो. अधिकृत तंत्रज्ञाचीच अट असेल, तर त्याच्याकडून काम करून घेण्याचा खर्च विचारावा. वॉरंटीचे दोन वर्षे शिल्लक असताना तो खर्च बहुधा सोसण्यासारखा असतो.

काम स्थानिक दुकानात करावयाचे झाल्यास भागाचे नाव, क्रमांक आणि तारीख असलेले बिल घ्यावे. बसवण्याच्या मजुरीचाही त्यात उल्लेख असावा. झाकण उघडण्यापूर्वी आणि बंद केल्यावर मोबाइलवर छायाचित्रे काढावीत. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच बाहेर काढावी. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत साठवण आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि हार्डवेअर बदलल्यावर ते कुलूप उघडण्याचा 'रिकव्हरी की' क्रमांक मागितला जाऊ शकतो. तो आधी मिळवून ठेवला नाही, तर यंत्र ठीक असूनही फायली हाताबाहेर जातात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढलेला मूळ भाग दुकानात सोडू नये. तो पिशवीत घालून घरी ठेवावा. लॅपटॉप दुरुस्तीस द्यावयाची वेळ आली, की मूळ रॅम व एसएसडी परत बसवून यंत्र तपासावे. दोष तसाच राहिला, तर नव्या भागाचा त्यात हात नाही, हे ग्राहकाला आधीच कळते. आणि दोष नाहीसा झाला, तर सर्व्हिस सेंटरची खेप वाचते. कारण मग बिघाड नव्या भागात आहे. त्या भागाला त्याच्या निर्मात्याची स्वतंत्र वॉरंटी असते. एसएसडीला सामान्यतः तीन किंवा पाच वर्षांची आणि रॅमला त्याहून बरीच अधिक. बिल हाती असेल, तर तीही मिळते.

इतके करूनही नकार मिळाला, तर तो लेखी मागावा. 'कोणत्या अटीनुसार आणि कोणत्या भागामुळे नुकसान झाले, ते जॉबशीटवर लिहून द्या,' या एका विनंतीने अनेकदा सूर बदलतो. त्यानंतरची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तेथेही न जमल्यास जिल्हा आयोग. वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी, अशी विनंती करण्याची तरतूदही कायद्यात आहे. शंभर किलोमीटरचे अंतर निदान कागदोपत्री तरी कमी झाले आहे.

धोरणातील मोकळी जागा

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची यंत्रे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे प्रथम निवडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या दुसऱ्या समितीने मे २०२५ मध्ये 'दुरुस्ती-सुलभता निर्देशांका'चा अहवाल सादर केला. वस्तू उघडणे किती सोपे, सुटे भाग किती काळ मिळतात, दुरुस्तीची माहिती खुली आहे का, यावरून तिला गुण द्यावेत, अशी ही कल्पना आहे. मात्र पहिल्या टप्प्यासाठी भर राहिला तो स्मार्टफोन व टॅबलेटवर. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ रोजी असाच निर्देशांक सक्तीचा केला, तेव्हा पहिल्या पाच वस्तूंतच लॅपटॉपचा समावेश होता.

असा आकडा खोक्यावर छापलेला असेल, तर 'पुढे वाढवून घेऊ' हे आश्वासन खरे की पोकळ, ते खरेदीच्या क्षणीच कळेल. त्याच्या जोडीला 'बदलामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच वॉरंटी नाकारता येईल' हे मोटारींच्या प्रकरणातील तत्त्व सर्व उपकरणांना लागू करणारा एक साधा नियम सरकारने केला, तर काउंटरवरचे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

ग्राहक चळवळ पुणे जिल्ह्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायतीची स्थापना केली. विद्या प्रतिष्ठान, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय किंवा इंदापूरचे महाविद्यालय अशा संस्थांत दरवर्षी शेकडो नवे लॅपटॉप येतात. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांनी सूचना फलकावर दोन ओळी लावल्या, 'खरेदीपूर्वी रॅम वाढवता येते का ते पाहा. काम करून घेताना बिल घ्या आणि जुना भाग परत मागा', तरी पुष्कळ साधेल. ऊसबिलातून घेतलेल्या यंत्राची तीन वर्षांची हमी एका फाटलेल्या स्टिकरवर सोडून देण्याचे कारण नाही. ती सोडायची की नाही, हे झाकण उघडण्यापूर्वी जमवलेल्या चार कागदांवर ठरते.